आधी बोलायचं कुणी

गाव सोडलं तेव्हा मी रडले नाही. रडायला तोंड मोकळं लागतं, आणि माझ्या तोंडात पदराचं टोक धरलेलं होतं. एका हातात माझी लेक चंद्री, दुसऱ्या हातात कोंबडी, मग पदर धरायचा कशात? कोंबडी कशाला नेतेस, असं धाकट्या जावेनं विचारलं होतं. मी म्हटलं, तिकडच्या कोंबड्यांचा काय भरवसा. समुद्राकाठच्या कोंबड्या खारट असणार अशी माझी खात्री होती. त्या वेळी माझं वय काय असेल ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. विशीच्या थोडी पुढं असेन. अक्कल किती होती त्याचा अंदाज कोंबडीवरून घ्या.

तळ्याच्या गडाच्या खालच्या अंगाला आमचं गाव. चौघा भावांत भाताचं एवढंसं खाचर. चौघं एकदम उतरले तर एकाला बांधावर उभं राहावं लागे, आणि तो एक म्हणजे नेमका चंद्रीचा बाप. आमच्यातला एक जण थळच्या बाजूला एका वाडीत कामाला होता. तो सणाला आला आणि म्हणाला, शेजारच्या गावातल्या आबांच्या वाडीत नवराबायको पाहिजेत, राहायला खोपटी देतात. तेवढ्यावर आम्ही निघालो. मांदाडपर्यंत पायी, तिथून मचव्यात बसून खाडीनं आगरदांड्याला, मग नबाबाच्या हद्दीतून मुरूड, पुढं रेवदंडा, अलिबाग. मचव्यात कोंबडी एका शेटच्या मांडीवर घाण करून मोकळी झाली, आणि परमुलखातली माझी पहिली ओळख अशी झाली.

निघताना सासऱ्यांनी शिकवण दिली. "मोठ्या मानसाच्या अंगनात गेलीस तर गप उभी ऱ्हा. त्यो इचारंल तवा बोल. आधी तोंड उघडलंस तर हाकलून घालतील." आमच्याकडं खोताच्या अंगणाचा कायदाच होता तो. खोताकडं गेलं की अंगणाच्या कडेला उभं राहायचं. त्याचं जेवण होई, झोप होई, सुपारी खाऊन होई, आणि मग तो म्हणे, "काय रे?" तिथून आपलं बोलणं सुरू. मी ती शिकवण कोंबडीसारखीच जपून इकडं आणली.

हे मी लिहिते ते तिकडं राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखं निघून मुंबईला, पनवेलला, कुठं कुठं गेलेल्यांसाठी. अक्षरं मी चाळिशी उलटल्यावर गिरवली. वाचताना अडलात तर पुढच्या ओळीवर जा, तिथं काही फार निसटणार नाही.

आबांची वाडी नारळ-पोफळीची. मधोमध विहीर, विहिरीवर रहाट. रहाट म्हणजे मडक्यांची माळ लावलेलं मोठं लाकडी चाक. रेडा गोल फिरला की चाक फिरतं, मडकी भरून वर येतात आणि दगडी दोणीत रिकामी होतात. तिथून पाटानं पाणी झाडाझाडाला. आता सगळीकडं मोटारी बसल्या, बटण दाबलं की काम झालं. तेव्हा तांबडं फुटायच्या आधी रहाट सुरू होई तो ऊन चढेपर्यंत, आणि उन्हं कलली की पुन्हा. चंद्रीचा बाप माडावर नाहीतर आळी खणायला, मी पाटावर कुदळ घेऊन पाणी वळवायला. मधल्या वेळात झावळ्यांचे झाप विणायचे.

चंद्रीला शाळेत घातली. माझी नात हे सगळ्यांना सांगते की आजीला शिक्षणाची किंमत कळली होती. नातीला सांगू द्या. खरं असं की पोर रेड्याच्या पायात यायची. एकदा पाटात बांध घालून खेळत बसली आणि अर्धी वाडी कोरडी राहिली. काकू, म्हणजे आबांची बायको, म्हणाली, तिला शाळेत डांब. मी डांबली. शाळा म्हणजे पोरं बांधून ठेवायची जागा असं माझं मत होतं, आणि जागा चांगली होती, सावलीची.

दोन वर्षांत चंद्री मोठी झाली आणि कामाची झाली. रेड्यामागं चालायला मोठं माणूस लागत नाही, फक्त चालत राहणारं कुणी लागतं. म्हणून पहाटे तिला उठवायची, रेड्यामागं लावायची, उजाडलं की पाटी देऊन शाळेत धाडायची. एका पोरीत दोन कामं. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटायचं.

त्याच सुमाराला शाळेत नवे मास्तर आले. घाटावरचे, तरुण, एकटे. देवळामागच्या खोलीत राहायचे. त्या खोलीला पुढं अंगण आणि मागं एक दार होतं. मागच्या दाराबद्दल आम्हांला तेव्हा काही माहीत नव्हतं.

एके दिवशी चंद्री घरी आली ती तळहात फुंकत. वर्गात झोपली म्हणून मास्तरांनी रूळ मारला होता. आम्ही काही विचारलं नाही. मास्तरांनी मारायचं नाही तर कुणी. पण तिनं निरोपही आणला होता: आईबापाला भेटायला सांग, नाहीतर नाव कमी करीन. नाव कमी करणं म्हणजे काय, ते चंद्रीनंच सांगितलं. सकाळी मास्तर सगळ्यांची नावं पुकारतात, त्यात आपलं पुकारत नाहीत. हे सांगताना तिचा आवाज असा झाला की मी कुदळ खाली ठेवली. रुळाबद्दल बोलताना तो तसा झाला नव्हता.

भेटायचं तर खरं, पण कधी? शाळा आणि रहाट एकाच वेळी चालायचे. मास्तर मोकळे व्हायचे भर दुपारी, आणि रेडा सुटायचा तोही तेव्हाच. म्हणून पहिल्या दुपारी चंद्रीचा बाप गेला. अंगणाच्या कडेला उभा राहिला, खाली मान घालून, कमरेला कोयता. माडावरून उतरून तसाच गेला होता, आणि कोयता काढून ठेवायचा असतो हे इकडं कुणाच्या ध्यानीमनी नसतं. मास्तरांनी खिडकीतून पाहिलं. यानं खोताकडं ठेवतात तशी मान आणखी खाली घातली. खिडकी बंद झाली. रेडा जुंपायच्या वेळेला हा परत आला.

दुसऱ्या दुपारी मी गेले. माझ्याही कमरेला कोयती, झावळ्या तासता तासता उठलेली. ओच्यात केळ्यांची फणी. पायरीजवळ बसले, एक शब्द बोलले नाही, आणि दाराकडं टक लावून पाहत राहिले, म्हणजे मास्तर बाहेर आले तर चटकन उठता यावं. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग सगळं शांत. पुष्कळ वेळानं मी उठले.

आता माझं शहाणपण ऐका. मला वाईट वाटायच्या ऐवजी अभिमान वाटला. खोत अर्धा दिवस उभं ठेवायचा. हे मास्तर तर बोलतच नाहीत, म्हणजे खोतापेक्षा केवढे मोठे. मी शेजारच्या वाडीतल्या बायकांना सांगून आले की आमच्या चंद्रीचे मास्तर साधे नव्हेत, दोन-दोन दुपारी अंगणात बसवतात. त्यांच्या पोरांच्या मास्तरांनी त्यांना कधी ताटकळत ठेवलं नव्हतं. त्या नुसत्या बघत राहिल्या. पोरं त्यांचीही त्याच शाळेत होती, हे मला घरी आल्यावर आठवलं.

तिसऱ्या दुपारी, एवढ्या मोठ्या माणसाकडं दोघांनी जावं म्हणून, आम्ही दोघं गेलो. दोन कोयते.

त्या दुपारी रेडा जुंपायच्या आतच आबांचं बोलावणं आलं.

आबा पडवीत सुपारी कातरत बसले होते. बाकावर मास्तर. जवळून पाहिले तेव्हा मिशीसुद्धा नीट फुटलेली नव्हती. चंद्री माझा पदर धरून उभी. आम्ही दोघं अर्थातच गप्प.

"काय रे," आबा म्हणाले, "मास्तरांच्या दारात कोयते घेऊन उभे राहता? हे बिचारे मागच्या दारानं पळत आलेत माझ्याकडे."

"कोयता कमरंलाच आसतो आबा," चंद्रीचा बाप म्हणाला. "ठेवायचा कुठं?"

"आणि जीभ? तीही कमरेलाच अडकवतोस?"

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. त्यांना कटकटीचा कंटाळा होता, आणि कटकट मिटवायची त्यांची रीत सोपी होती. ते म्हणाले की मास्तरांना भीती नको, आणि पोरीला ती शाळाही नको; पोरीचं नाव काढून टाका मास्तर, ती दिवसभर रहाटावर राहील, सगळ्यांचंच बरं होईल.

चंद्री रडली नाही. तिनं माझा पदर सोडला, एवढंच. रेड्याकडं जायला वळली सुद्धा. सांगितलेलं ऐकायची सवय होती पोरीला, माझ्याकडूनच आलेली.

तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा मोठ्या माणसाच्या दारात, कुणी विचारलेलं नसताना बोलले. आवाज इतका मोठा निघाला की काकू माजघरातून बाहेर आली.

"मास्तर, बोलवलंत तुमी. आमी आलो. बोलवनारानं आधी बोलायचं का न्हाय?"

मास्तर गोंधळले. "मी? अहो, दारात आलेल्यानं हाक द्यायची असते. आमच्याकडे माणूस बांधावरूनच ओरडत येतो. न बोलता कोण येतं? मला वाटलं, रूळ मारला त्याचा जाब मागायला आलात."

"रूळ व्हय?" चंद्रीचा बाप म्हणाला. "त्ये बरं केलंत."

"बरं न्हाय केलंत," मी म्हटलं. एकदा तोंड उघडलं होतं, आता मिटेना. "ती निजली ह्ये बघितलंत. का निजली त्ये इचारलंत? तांबडं फुटायच्या आदी रेड्यामागं आसते ती."

हे मी मास्तरांना ऐकवलं खरं, पण रेड्यामागं तिला लावलं होतं कुणी? मीच. आणि रहाट कुणाचा? आबांचा. मास्तर चंद्रीकडं पाहत होते. ती खालमानेनं म्हणाली, "मी रेड्यामागं चालताना पन निजते. त्यो थांबला का मी आपटते, मंग उठते."

आधी आबा हसले, मग काकू, शेवटी मास्तर. आम्ही दोघं हसलो नाही. हसावं की नाही हे अजून कुणी सांगितलं नव्हतं.

हसून झाल्यावर मास्तरांनी आबांकडं एक गोष्ट मागितली. त्यांच्या खोलीजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, साबणाला फेस येत नव्हता. सकाळी आंघोळीला रहाटावर आलो तर चालेल का? आबा म्हणाले, पाणी काय, वाहतंच आहे. नावाचं पुन्हा कुणी काढलं नाही. चंद्री दुसऱ्या दिवशी शाळेत गेली आणि तिचं नाव पुकारलं गेलं. मला खात्री नव्हती, म्हणून मी पाट सोडून शाळेच्या कुडामागं जाऊन ऐकून आले. तोवर दोन पोफळी बुडाल्या.

मास्तर आंघोळीला आले ते पंचा खांद्यावर टाकून, अंधारातच. घाटावर त्यांच्या बापाची मोट होती. जनावरामागं चालायची त्यांना सवय. आंघोळ झाली की ते चंद्रीच्या हातातून काठी घेत. "जा, नीज जरा." ती झावळ्यांच्या ढिगावर पडे आणि मास्तर रेड्यामागं फिरत. मुकाट्यानं चालणं त्यांना जमायचं नाही. मग पाढे म्हणत, मोठ्यानं, रहाटाच्या कुरकुरीच्या वर आवाज चढवून. पैठणला रेड्यानं वेद म्हटले होते. आमचा तेवढा पोचलेला नव्हता; पण पुढं पुढं तो पाढे सुरू झाल्याशिवाय पाऊल उचलेना. मास्तर कधी आले नाहीत तर चंद्रीचा बाप 'बे एके बे'वरच अडकून राही, आणि रेडाही तिथंच अडकून राही.

आमचं नि मास्तरांचं बोलणं व्हायचं ते असं, पहाटेचं, ओरडून. ते फिरताहेत, मी पाटावर, मध्ये पोफळी. ते ओरडून सांगायचे, गणित छान आहे, भूगोल कच्चा आहे. मी ओरडून म्हणायची, पिकंल की, घाई काय हाय. भूगोल म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं, पण विचारलं असतं तर मी अडाणी हे त्यांना कळलं असतं. त्यांना ते कळलंच नाही असं मी पुष्कळ वर्षं धरून चालले. न्याहारीला आमच्यात बसायचे. सुरुवातीला सुकटीच्या वासानं नाक धरायचे. पुढच्या पावसाळ्यापर्यंत दुसऱ्यांदा मागून घेऊ लागले. आणि शाळेत कधी काही बिनसलं तर चंद्रीच्या हाती निरोप येत नसे. सकाळी रहाटावर कळे, किंवा मीच आधी विचारी. एकदा सवय मोडली की मोडली.

चंद्री चौथीत असताना थोरले दीर आले. लावणीचे दिवस जवळ आलेले. एक भाऊ मुंबईला गिरणीत गेला होता, तिकडं हात कमी पडत होते. खाचरात आता उभं राहायला जागा झाली होती. चला परत, म्हणाले. चंद्रीच्या बापाचं मन तिकडंच होतं. इकडं इतकी वर्षं राहूनही तो माडावर चढला की पूर्वेचे डोंगर बघायचा, नारळ काढायचा विसरून. माझं मन? मला लावणीचा चिखल हवा होता, जावा हव्या होत्या. पण तिकडं चौथीची परीक्षा होणार नव्हती. तिकडं शाळा होती ती डोंगरापलीकडं, आणि मुलींना पाठवायची चाल नव्हती.

चंद्रीच्या बापानं दुसऱ्या पहाटे रहाटावर मास्तरांना विचारलं. आपण होऊन, आधी तोंड उघडून. "मास्तर, जाऊ का ऱ्हाऊ?"

मास्तर रेड्याला एक पुरा फेरा देऊन आले. "मला नका विचारू," म्हणाले. "मी घर सोडलेला माणूस. मी तुम्हांला जे सांगेन ते स्वतःलाच सांगितल्यासारखं होईल."

पाढे त्या दिवशी पुढं सरकले नाहीत. रेडा उभा, रहाट उभा. चंद्री झावळ्यांवर जागी होती. आम्हांला वाटलं झोपलीय. पडवीत तिनं माझा पदर कसा सोडला होता, ते चंद्रीच्या बापानंही पाहिलेलं होतं. तो दिरांबरोबर एकटाच गेला, लावणी केली, गुडघ्याएवढं पाणी अंगात मुरवून परत आला. मी आणि चंद्री इथंच राहिलो. ती पास झाली. पुढच्या वर्षी पुन्हा तो एकटाच गेला. त्याच्या पुढच्या वर्षी कुणी बोलवायला आलं नाही.

असे आम्ही इथले झालो. ठरवून नव्हे. एक पोरगी शाळेत होती, म्हणून आधी चौथीपर्यंत थांबलो, मग सातवीपर्यंत. मास्तरांची बदली झाली, ते घाटावर गेले. रेडा काही दिवस अडून बसला, मग चालायला लागला. जनावर किती दिवस दुःख करील. चंद्री ट्रेनिंगला गेली, मास्तरीण झाली, महाडच्या बाजूला नोकरी, तिकडंच लग्न, तिकडंच घर. थळला खताचा कारखाना आला. चंद्रीचा पोरगा, माझा नातू, माझ्याकडं राहून तिथं शिफ्टला जातो, नातसून बँकेत. त्यांच्या पोराच्या शाळेत महिन्याला मीटिंग असते. दोघं हाफ डे टाकून जातात, मास्तरणीसमोर छोट्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसतात, आणि घरी येऊन म्हणतात, बोलायला वेळच मिळाला नाही. त्यांच्याकडं रेडा नाही.

मागच्या वर्षी थोरले दीर गेले, तेव्हा मी तळ्याकडं जाऊन आले. एस.टी. थेट गावापर्यंत. खाचर आहे, बांध आहेत. जावेच्या सुनांनी मला चटई टाकून दिली, सगळ्यांच्या आधी चहा दिला, कपबशीतून. बाकीच्या बायका पेल्यातून पीत होत्या. चहा चांगला होता. आणि पुतण्याच्या बायकोनं प्रेमानं विचारलं, "काकू, जानार कधी?"

गैर काहीच नव्हतं त्यात. एस.टी.ची वेळ पाहायची होती तिला. पण परत येताना रोह्यापर्यंत तो प्रश्न माझ्या शेजारच्या सीटवर बसून होता. इथं इतक्या वर्षांत मला तो कुणी विचारलेला नाही. आबांनी नाही, काकूनं नाही, शेजारच्या वाडीतल्या त्या बायकांनीही नाही.

घरी पोचले, तर दुसऱ्या दिवशी चंद्री आली. पेन्शनीत गेलेली, केस पांढरे, हातात पिशवी. मी चटई टाकली, चहा टाकला, आणि कप तिच्या हातात देता देता माझ्याच तोंडून गेलं, "जाणार कधी?"

"आये," ती म्हणाली, "पिशवी तरी खाली ठेवू दे."

जिच्यासाठी आम्ही इथं राहिलो, ती इथली राहिली नाही, आणि तिला पाहुणी करून टाकणारी मीच. शाळेत नाव राहिलं की असं होतं, हे मास्तरांनी पहाटे ओरडून सांगितलं असतं, तरी मला ऐकू आलं नसतं. ऐकू आलं असतं, तरी मी तिला पाठवलीच असती.

तेव्हा तळ्याकडच्यांनो, तुम्ही विचारलंत त्याचा राग नाही. घर कुणाचं ते या एका प्रश्नावरून कळतं. विचारणारा घरचा, सांगणारा पाहुणा. तुम्ही एकदा इकडं या. चटई टाकीन, कपबशीतून चहा देईन, आणि तुमचा पहिला घोट व्हायच्या आत विचारीन, जाणार कधी.